टेपने पाऊल सरळ होते का?

शरीरातील सर्वांत दुर्लक्षित अवयव कोणता, असे कोणी विचारले तर 'पाऊल' हेच उत्तर द्यावे लागेल. चेहऱ्यावर एक पुटकुळी आली तरी आपण चार जणांना औषध विचारतो. टाच मात्र सहा-सहा महिने ठणकत असते आणि 'वय झाले, चालायचेच' असे म्हणून आपण लंगडत दिवस ढकलत असतो. स्वयंपाकघरात तासन् तास उभ्या असलेल्या गृहिणी, एस.टी.चे वाहक, शिक्षक, हमाल, परिचारिका, बांधकामावरील मजूर या साऱ्यांचे पोट पावलांवर चालते, पण पावलाची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे ते सर्वांत शेवटी जातात.

अलीकडे या दुर्लक्षित अवयवाकडे बाजाराचे मात्र चांगलेच लक्ष गेले आहे. औषधांच्या आणि खेळाच्या साहित्याच्या दुकानांत निळ्या, गुलाबी, काळ्या चिकटपट्ट्यांची रिळे टांगलेली दिसतात. मोबाइलवरील चित्रफीत पाहून लोक घरच्या घरी पायाला पट्ट्या चिकटवतात. 'सपाट पाय महिन्यात सरळ' अशा जाहिरातीही पाहण्यात येतात. गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे आलेल्या रुग्णांपैकी अनेकांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की "मॅडम, टेप लावून पाय सरळ होतो का?"

या प्रश्नावर माझे मत प्रथमच सांगून टाकते. पावलाला योग्य रीतीने टेप लावणे ही उपयोगी, स्वस्त आणि शास्त्राने तपासून पाहिलेली मदत आहे. पण ती काही दिवसांची मदत आहे. टेपने पावलाची ठेवण कायमची बदलत नाही. तशी ती बदलते असे सांगून जो पट्टीची रिळे विकतो तो रुग्णाला फसवतो. आणि टेप म्हणजे निव्वळ थोतांड असे म्हणून जो ती उडवून लावतो, तो दुखणाऱ्या माणसाची एक साधी सोय काढून घेतो. असे का, ते आता क्रमाने पाहू.

कमान आणि तिचे काम

आपल्या एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२ झाली. म्हणजे अंगातील २०६ हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या पावलांत आहे. ही हाडे आतल्या बाजूने कमानीसारखी रचलेली असतात. जुन्या वाड्याच्या दरवाजावरची किंवा रेल्वेच्या दगडी पुलाची कमान आपण पाहिलेली असते. दगड एकमेकांत अडकून भार पेलतात. पावलाची कमान मात्र दगडासारखी ताठ नसते. पाऊल टेकले की ती थोडी खाली दबते आणि हिसका शोषून घेते. टाच उचलली की ती पुन्हा उंच व घट्ट होते आणि शरीराला पुढे ढकलते.

हे घडवून आणणाऱ्या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत पसरलेला तळव्याचा जाड, चिवट पडदा. वैद्यकीय भाषेत याला 'प्लांटर फॅशिया' म्हणतात. हिक्स या ब्रिटिश संशोधकाने १९५४ साली दाखवून दिले, की पायाचा अंगठा वर उचलला म्हणजे विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पडदा ताणला जातो आणि कमान आपोआप उंचावते. सरळ उभे राहून दुसऱ्या कोणाला आपला अंगठा वर उचलायला सांगा. कमान वर येताना तुम्हाला स्वतःला दिसेल. दुसरी गोष्ट म्हणजे पोटरीच्या आतून निघून आतल्या घोट्यामागून तळव्यात जाणारा स्नायू, 'टिबियालिस पोस्टीरिअर'. कमान उचलून धरण्याचे मोठे काम त्याचे आहे. तो थकला किंवा त्याची दोरी झिजली की कमान बसू लागते आणि टाच बाहेरच्या अंगाला कलते.

आपले पाऊल कसे आहे हे घरी पाहता येते. पाय ओला करून कोरड्या शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर नेहमीसारखे उभे राहा आणि ठसा पाहा. आतल्या बाजूला कोरडी खाच उमटली तर कमान आहे. पूर्ण तळवा उमटला तर पाऊल सपाट आहे. पण येथेच थांबू नका. आता भिंतीला हात टेकून चवड्यावर उभे राहा. चवड्यावर उभे राहिल्यावर कमान दिसू लागली आणि टाच आतल्या अंगाला वळली, तर ते पाऊल लवचीक आहे. आणि लवचीक, न दुखणारे सपाट पाऊल हा रोग नव्हे.

'फताडे' म्हणून हिणवू नये

आपल्याकडे सपाट पावलाला 'फताडे पाय' म्हणून नावे ठेवण्याची रीत आहे. रांगोळीतील लक्ष्मीची पावले खाच ठेवूनच काढली जातात, त्यामुळे खाच नसलेले पाऊल म्हणजे काही तरी उणे, अशी समजूत मनात घट्ट बसलेली असते. शास्त्र काय सांगते? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडाच्या सैन्यातील सुमारे ३,६०० जवानांच्या पावलांची पाहणी झाली. हॅरिस आणि बीथ या संशोधकांनी ती १९४७ साली प्रसिद्ध केली. लवचीक सपाट पाऊल, पोटरीची नस आखडलेली नसेल तर, बहुधा काही त्रास देत नाही असे त्यांना आढळले. पुढे १९९३ साली अमेरिकेच्या पायदळातील २४६ प्रशिक्षणार्थींची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात तर सर्वांत सपाट पावले असलेल्या गटाला दुखापतीचा धोका सर्वांत कमी, आणि उंच कमानीच्या गटाला अधिक दिसला!

म्हणून पहिला मुद्दा असा, की दुखत नसलेल्या पावलावर टेप, गादी, बूट यांपैकी काहीही लावण्याची गरज नाही. उपचार दुखण्यावर करायचा असतो. ठशाच्या आकारावर उपचार करण्याचे कारण नाही.

मात्र काही खुणा दिसल्या तर वेळ न दवडता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. चवड्यावर उभे राहूनही कमान न दिसणारे ताठ पाऊल. एकाच बाजूचे सपाट झालेले पाऊल. चाळिशी-पन्नाशीत नव्याने बसू लागलेली कमान व आतल्या घोट्यामागे सूज. दुखऱ्या एका पायाच्या चवड्यावर उभे राहताच न येणे. यांतील शेवटच्या दोन खुणा मध्यमवयीन, वजन वाढलेल्या स्त्रियांत पुष्कळदा दिसतात आणि 'टाच दुखते' या एका वाक्यात दडून जातात. येथे स्नायूची दोरी झिजत असते. तीवर दुकानातील रंगीत पट्टी लावून महिने घालवले तर पाऊल कायमचे ताठ होऊन बसते.

टेप लावतात म्हणजे काय करतात?

पावलाच्या कमानीसाठी जी पद्धत जगभर शिकवली जाते तिला 'लो-डाय टेपिंग' म्हणतात. रंगाच्या 'डाय'शी तिचा काही संबंध नाही. राल्फ डाय या अमेरिकन पावलांच्या डॉक्टरांनी १९३९ साली तिचे वर्णन केले, म्हणून हे नाव. यात न ताणली जाणारी, पांढरी, सुमारे दीड इंच रुंदीची झिंक ऑक्साइडची कडक टेप वापरतात. नाजूक कातडीसाठी तिच्याखाली मऊ पट्टीचा एक थर देतात.

पाय स्वच्छ धुऊन कोरडा करतात. घोटा काटकोनात, पाऊल किंचित आत वळलेले आणि अंगठ्याचे मूळ खाली दाबलेले, अशी स्थिती धरतात. पहिली पट्टी करंगळीच्या मुळापासून निघून पावलाच्या बाहेरच्या कडेने टाचेमागून फिरून आतल्या कडेने अंगठ्याच्या मुळापर्यंत येते. मग तळव्याखालून बाहेरून आत अशा आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढवून, टाचेपासून चवड्याच्या मागेपर्यंत लावतात. शेवटी कडेने आणखी एक पट्टी देऊन सर्व टोके बंद करतात. पावलाचा वरचा भाग मोकळा ठेवतात, म्हणजे रक्तप्रवाह अडत नाही. लावून झाल्यावर बोटांचा रंग आणि ऊब पाहायची, रुग्णाला चालवून पाहायचे. दोन-तीन दिवसांनी टेप काढायची, कातडीला विश्रांती द्यायची आणि गरज असेल तरच पुन्हा लावायची.

याचा उपयोग किती? ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या ९२ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. एक आठवडा लो-डाय टेप लावलेल्यांचे सकाळच्या पहिल्या पावलाचे दुखणे, टेप न लावलेल्यांच्या मानाने १०० च्या मोजपट्टीवर सुमारे १२ ने अधिक कमी झाले. म्हणजे फरक खरा आहे, पण मोठा नाही, आणि तो एका आठवड्यापुरता तपासलेला आहे. त्याच प्रयोगात टेप फार घट्ट वाटणे, कातडीला खाज सुटणे अशा किरकोळ तक्रारीही बऱ्याच जणांनी केल्या. दुसरी गोष्ट, टेपने कमान काही मिलिमीटर उचलली जाते हे मोजून सिद्ध झाले आहे. परंतु १९९१ सालच्या एका प्रयोगात अवघी १० मिनिटे धावल्यावर तो आधार टिकत नाही असे दिसले. पाऊल ओझे वाहते, टेप सैल पडते. ज्या पट्टीचा आधार धावण्याच्या १० मिनिटांत ओसरतो, ती हाडांची ठेवण कायमची कशी बदलणार?

आता रंगीत, ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांविषयी. या 'किनेसिओ' पट्ट्या केंझो कासे या जपानी कायरोप्रॅक्टरने १९७० च्या दशकात प्रथम तयार केल्या. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अनेक खेळाडूंच्या अंगावर त्या झळकल्या आणि तेव्हापासून त्यांची मागणी वाढली. खेळाडूने लावली म्हणजे ती गुणकारीच, असा आपला समज होतो. परंतु स्नायू व सांध्यांच्या दुखण्यांवरील अशा पट्ट्यांच्या १२ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. खऱ्या पद्धतीने लावलेली पट्टी आणि नुसती कशीतरी चिकटवलेली पट्टी यांत दखल घेण्याजोगा फरक त्यात आढळला नाही. अशी पट्टी लावून कोणाला बरे वाटत असेल तर मी त्याला अडवणार नाही. पण पावलाला आधारच द्यायचा असेल तर साधी पांढरी कडक टेप अधिक उपयोगाची आणि बहुधा स्वस्तही.

टेपचा खरा उपयोग

मग ही काही दिवसांची मदत घ्यायची तरी कशाला? माझ्या मते तिचे दोन उपयोग फार मोलाचे आहेत.

पहिला, दुखण्याच्या तीव्र दिवसांत काम चालू ठेवणे. ज्या बाईची मजुरी एक दिवस बुडाली तर संध्याकाळची चूल अडते, तिला 'तीन आठवडे विश्रांती घ्या' हा सल्ला निरर्थक आहे. तिला आठ-दहा दिवस टेपचा आधार मिळाला, त्या काळात व्यायाम सुरू झाले आणि चप्पल बदलली, तर ती काम न सोडता बरी होऊ शकते.

दुसरा उपयोग परीक्षेचा. तळव्याखाली कमानीची गादी घालावी की नाही, हा प्रश्न नेहमी येतो. मापाने बनवलेल्या गाद्यांना हजारो रुपये लागतात. अशा वेळी आधी टेप लावून पाहावी. जी क्रिया दुखते ती, म्हणजे चालणे, जिना उतरणे किंवा धावणे, टेप लावण्यापूर्वी व नंतर करून पाहावी. टेपने दुखणे चांगलेच उतरले, तर कमानीला आधार दिल्याने या रुग्णाला फायदा होतो असे समजते आणि गादीवर खर्च करण्यात अर्थ आहे. काहीच फरक पडला नाही, तर हजारो रुपयांची गादीही बहुधा काही करणार नाही. दुखण्याचे मूळ अन्यत्र शोधावे. काही रुपयांच्या टेपने मोठा खर्च वाचवणारी ही परीक्षा आपल्याकडे फारच कमी केली जाते. आधी गादी विकली जाते, आणि उपयोग झाला नाही की ती कपाटात जाते.

भरतीची मुले आणि पालकांची भीती

आपल्या जिल्ह्यात पहाटे पाच वाजता कोणत्याही रस्त्याने जा, पोलीस आणि सैन्य भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतील. यांतील कित्येकांच्या मनात 'फ्लॅट फूट' या दोन शब्दांनी धास्ती बसवली आहे. वैद्यकीय चाचणीपूर्वी कमान 'तयार करून' देणारे लोक आहेत. टेप, मालीश, तळव्याखाली बाटली फिरवणे, कमानीचे पट्टे या सर्वांसाठी शेतकरी बाप कर्ज काढतो.

या मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. वैद्यकीय चाचणीत पाय उघडे तपासले जातात, तेथे टेप चालत नाही. चार महिने टेप लावून ठसा बदलत नाही. पण निराश होण्याचेही कारण नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेच्या अधिसूचनांत सैन्याचे जे वैद्यकीय निकष छापले जातात, त्यांत म्हटले आहे, की चवड्यावर उभे राहिल्यावर कमान परत दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर नीट धावू-उडी मारू शकत असेल आणि पावले लवचीक व वेदनारहित असतील, तर असा उमेदवार स्वीकारण्यास हरकत नाही. प्रत्येक भरतीचे निकष वेगळे असतात. आपण ज्या भरतीला बसणार तिची अधिसूचना स्वतः वाचावी. आणि तयारी सुरू करण्यापूर्वीच एकदा शासकीय रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञांकडून पाऊल लवचीक की ताठ हे तपासून घ्यावे. ताठ असेल तर तीन वर्षे व घरचे पैसे घालवण्याआधी ते कळलेले बरे. लवचीक असेल तर निर्धास्तपणे पोटरी आणि चवड्याची ताकद वाढवावी. प्रशिक्षण वर्ग चालवणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात ही तपासणी करून घेण्याची प्रथा पाडली, तर अनेक घरांवर उपकार होतील. धावताना नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोट ठेवताच दुखत असेल, तर तेथे टेप बांधून धावणे चालू ठेवू नये. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.

दुसरी भीती लहान मुलांच्या पालकांची. तान्ह्या मुलांची पावले सपाटच दिसतात, कारण तळव्यात चरबीची गादी असते. कमान वयाच्या सहाव्या ते दहाव्या वर्षापर्यंत हळूहळू आकार घेते. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सपाट पावलांच्या १२९ मुलांची विभागणी करून काहींना तीन वर्षे खास बूट किंवा गाद्या दिल्या, काहींना काहीच दिले नाही. तीन वर्षांनी सर्व गटांत सारखीच सुधारणा दिसली! आपल्या देशातील अभ्यास तर अधिक बोलका आहे. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांचे ठसे घेतले व १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के होते. बंद बूट वापरणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. तेव्हा लहान मुलांना टेप लावण्यापेक्षा अंगणात, मातीत, वाळूत, काटे-काच नाही अशा ठिकाणी अनवाणी खेळू द्यावे.

मात्र जन्मतःच आत वळलेले, वाकडे पाऊल ही निराळी गोष्ट आहे. तेथे घरी पट्ट्या बांधत बसू नये. पहिल्या काही आठवड्यांतच 'पॉन्सेटी' पद्धतीचे प्लॅस्टर सुरू झाले, तर अशी पावले बहुतांशी मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. अंगणवाडीसेविका किंवा आशाताईंकडे चौकशी करावी.

टेप कोणी लावू नये?

हा भाग वाचकांनी कापून ठेवावा असे मी म्हणेन. ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी कोणत्याही प्रकारची टेप स्वतः लावू नये. भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण असल्याचे आय.सी.एम.आर.च्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले आहे. यांतील अनेकांच्या तळव्याला बधिरता येते. टेपची सुरकुती बोचली, कड कातडीत रुतली, तर निरोगी माणूस दहा मिनिटांत ती काढून टाकतो. बधिर पायाला ती टोचणी कळतच नाही. फोड येतो, फोडाची जखम होते, आणि जखमेवरून बोट किंवा पाय कापण्याची पाळी येते. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच जगाला पटवून दिले, की पाय गळतात ते रोगाने सडून नव्हे. वेदना न कळल्यामुळे झालेल्या जखमांनी ते जातात. अशा पायांना टेप नको, मऊ एम.सी.आर. रबराची चप्पल हवी आणि रोज रात्री तळवा डोळ्यांनी पाहण्याची सवय हवी.

तसेच पायाचे रक्ताभिसरण मंदावलेले, कातडीवर जखम, चिखल्या किंवा इसब असलेले, चिकटपट्टीची ॲलर्जी असलेले आणि पायावर अचानक सूज आलेले रुग्ण यांनीही टेप टाळावी. टेप लावल्यानंतर बोटे निळसर झाली, मुंग्या आल्या, खाज किंवा आग सुटली, तर ताबडतोब काढावी. ओढून फाडू नये. कोमट पाणी किंवा खोबरेल तेल लावून हळूहळू सोडवावी.

मग कायमचे काय करावे?

टाचदुखीचे बहुतेक रुग्ण वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होतात, पण त्यासाठी पुढील गोष्टी नेमाने कराव्या लागतात.

१) सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बोटे नडगीकडे ओढून धरावीत. १० पर्यंत मोजावे. असे १० वेळा, दिवसातून तीनदा.

२) पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल घेऊन, टाचा हळूहळू वर उचलाव्यात. ३ सेकंद वर जाताना, २ सेकंद थांबणे, ३ सेकंद खाली येताना. एक दिवसाआड, १२ वेळांचे तीन फेरे. आधी दोन्ही पायांवर, जमू लागले की एका पायावर, पुढे पाठीवर दप्तरात पुस्तके घेऊन. डेन्मार्कमधील २०१५ सालच्या एका अभ्यासात तीन महिन्यांनंतर नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा या व्यायामाचा उपयोग अधिक दिसला. कठड्याला धरूनच करावा.

३) बसल्या जागी बोटे न मुडपता चवडा टाचेकडे ओढून कमान उचलण्याचा सराव करावा.

४) झिजलेली, पातळ तळाची स्लिपर टाकून द्यावी. मधोमध वाकणारी चप्पल आधार देत नाही. ती चवड्यापाशीच वाकली पाहिजे. टाईल्सवर तासन् तास उभे राहणाऱ्यांनी घरातही मऊ तळाची चप्पल वापरावी.

५) वजन, चालणे, धावणे यांत एकदम वाढ करू नये. आषाढीच्या वारीत आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर पायी जाणाऱ्यांनी निघण्याच्या आदल्या आठवड्यात नवी चप्पल घेऊ नये आणि महिनाभर आधीपासून चालण्याचा सराव करावा.

या पाच गोष्टींत पैसे लागतात ते फक्त चपलेला. कदाचित म्हणूनच यांची जाहिरात कोणी करत नाही.

शेवटची एक सूचना

आमच्या व्यवसायातील मंडळींनाही थोडे सांगावेसे वाटते. टेप लावायला दहा मिनिटे लागतात, व्यायाम शिकवायला अर्धा तास. दर दोन दिवसांनी रुग्णाला बोलावून नुसती टेप बदलत राहणे सोपे आणि किफायतीचे असते. पण दोन-तीन आठवड्यांनंतरही रुग्ण टेपवरच असेल, तर उपचार पुढे सरकलेला नाही असे समजावे. रुग्णांनीही 'ही किती दिवस लावायची आणि पुढे काय?' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. ज्याच्याकडे त्याचे सरळ उत्तर नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याचे कारण नाही.

आणि शासनाकडे मागणे एवढेच, की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून निदान एक दिवस भौतिकोपचार तज्ज्ञ बसावा, त्याच्या खणात झिंक ऑक्साइड टेपची रिळे असावीत आणि मधुमेही रुग्णाच्या पावलाची संवेदना तपासण्याचा नायलॉनचा साधा तंतू असावा. यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत, स्वतंत्र इमारत लागत नाही. टाचदुखीसाठी गावाहून एक दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याला यावे लागणे आणि येथे येऊन वेदनाशामक गोळ्यांची पुडी घेऊन परत जाणे, हे थांबवता येण्यासारखे आहे.

वाचकांनी आज रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे काढून आपली आणि घरातील वडीलधाऱ्यांची पावले उलटी करून पाहावीत. भेगा, घट्टे, फोड, बधिर जागा दिसल्या तर उद्याच दाखवावे. सपाट पण न दुखणारे पाऊल दिसले, तर निश्चिंत झोपावे.